कमान की संरचना ? : लहान ट्रॅक्टरांवरील पलटीरक्षक साधन आणि त्यातील फेरफार

१

एखाद्या वस्तूला मिळालेले नाव तिच्याविषयीची आपली समजूत कितपत ठरविते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना नवा नाही. परंतु नावाने वस्तूचे एकच अंग दाखविले आणि दुसरे झाकून ठेवले, एवढ्यावरून माणसाच्या जिवावर बेतू शकते, अशी उदाहरणे आपल्या टिपणवह्यांत सहसा आढळत नाहीत. प्रस्तुत लेखात अशाच एका उदाहरणाचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. वस्तू साधी आहे. ट्रॅक्टरचालकाच्या आसनामागे उभे केलेले दोन पोलादी खांब आणि त्यांना वरून जोडणारा आडवा दांडा, एवढेच तिचे दृश्य रूप. ट्रॅक्टर उलटला तरी चालक त्याखाली चिरडला जाऊ नये, हे तिचे कार्य.

हिला फ्रेंच भाषेत ‘आर्सो’ म्हणतात. हा शब्द धनुष्यवाचक शब्दापासून आलेला असून त्याचा अर्थ लहान कमान असा होतो. जर्मन भाषेतील ‘ब्यूगल’ हा घटक वाकविणे या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. आपल्याकडेही कारागीर आणि शेतकरी तिला ‘कमान’ म्हणतात तेव्हा मुळात धनुष्य या अर्थाचा फारसी शब्दच वापरीत असतात. तीन भाषांनी, एकमेकींना न विचारता, वस्तूच्या आकाराकडे पाहून नाव ठेवले. इंग्रजी व्यवहारातही आरंभी ‘दांडा’ या अर्थाचाच शब्द रूढ झाला. परंतु पुढे अभियंत्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी तो बाजूस सारून ‘पलटीपासून रक्षण करणारी संरचना’ असे लांबलचक, बोजड नाव पुरस्कारिले. हा बदल पांडित्यापोटी झाला नाही. दांडा कापता येतो, कमान ठेंगणी करता येते, तीवर छप्पर ठोकता येते. संरचनेचे तसे नसते. तिचा एक भाग बदलला म्हणजे ती सर्व बदलते. लहान ट्रॅक्टरांवरील या साधनात फेरफार करणे सुरक्षित आहे काय, हा आज अनेक देशांतील शेतकऱ्यांना पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या दोन नावांमधील अंतरात आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

या साधनाची गरज कशी उत्पन्न झाली ते प्रथम पाहू. ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो : कडेला आणि मागे. कडेला उलटणे समजावयास सोपे आहे. उतार, खड्डा, बांधाची ढासळलेली कड किंवा वेगात घेतलेले वळण यांमुळे गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा चाकांच्या आधाराबाहेर पडते आणि यंत्र कलंडते. मागे उलटणे अधिक फसवे असते. मागची चाके चिखलात रुतली, किंवा ओढावयाचे ओझे आसाच्या वरच्या भागाला बांधले, म्हणजे चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती फिरू लागते. पुढची चाके उचलली जातात. ही संपूर्ण क्रिया सुमारे दीड सेकंदात पुरी होते, आणि पहिल्या पाऊण सेकंदानंतर ती थांबविणे शक्य राहत नाही, असे कृषि-अभियांत्रिकीच्या शिक्षणात सांगितले जाते. क्लचवर पाय ठेवावयास हवा हे चालकाच्या ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

१९१७ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून फोर्डसन हा हलका, आखूड आणि स्वस्त ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागला. लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आलेला हा पहिला ट्रॅक्टर म्हटला तरी चालेल. आणि मागे उलटण्याबद्दल कुप्रसिद्ध झालेलाही तोच. या दोन गोष्टी परस्परांशी संबद्ध आहेत. जो हलकेपणा त्याला स्वस्त करीत होता तोच त्याला अस्थिर करीत होता. १९२० च्या दशकात त्याला मागच्या बाजूस लांब वाढविलेले मडगार्ड मिळाले, ते केवळ चिखल अडविण्यासाठी नव्हते. ट्रॅक्टर मागे उभा राहू लागला तर त्यांची टोके जमिनीला टेकावीत, असाही हेतू त्यांत होता. पलटी रोखण्यासाठी यंत्रावर केलेल्या जोडकामाचे हे एक आद्य उदाहरण होय.

याच दोषावर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी निराळा उपाय शोधला. त्यांनी नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढण्याऐवजी दांड्यांच्या जुळणीने ट्रॅक्टरशी एकजीव केला. नांगर खडकाला अडला म्हणजे वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे दाबतो, आणि मागील चाकांवरील भार कमी होऊन ती जागच्या जागी फिरू लागतात. धड उचलले जात नाही. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरात ही योजना द्रवदाबाच्या यंत्रणेसह पूर्णत्वास गेली, आणि तीन बिंदूंची ती जुळणी आज जगभरच्या ट्रॅक्टरांवर दिसते. परंतु तिची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. जुळणीला लावलेल्या अवजारापुरतेच हे संरक्षण होते. कडेला कलंडणाऱ्या, किंवा साखळीने ओंडका ओढणाऱ्या ट्रॅक्टरला त्याचा काहीच उपयोग नव्हता. अपघात होऊच नये यासाठी केलेले उपाय येथे थांबतात. अपघात होणारच असे गृहीत धरून माणूस वाचविण्याचा विचार यापुढे सुरू होतो.

३

या दुसऱ्या विचाराचे घर स्वीडन. तेथील उप्साला येथे कृषियंत्रांची चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत हॅरी मोबर्ग यांनी १९५० च्या दशकात संरक्षक चौकटींची पद्धतशीर परीक्षा सुरू केली. प्रत्यक्ष ट्रॅक्टर उतारावरून लोटून द्यावयाचा, तर प्रत्येक पलटी निराळी होते आणि एकीची दुसरीशी तुलना करता येत नाही. म्हणून लंबकाची चाचणी पुढे आली. साखळ्यांनी टांगलेले जड वजन ठरावीक उंचीवरून सोडून चौकटीवर आदळावयाचे, आणि आघातानंतर चालकाच्या भोवतीची मोकळी जागा शाबूत राहिली की नाही हे मोजावयाचे. पुढे आंतरराष्ट्रीय नियमावलीत या वजनाचे माप २००० किलोग्रॅम असे निश्चित झाले, आणि ते किती उंचीवरून सोडावयाचे हे ट्रॅक्टरच्या वस्तुमानावरून ठरू लागले. याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत लॉइड लामूरिया आणि कोबी लोरेंझेन यांचे संशोधन चालू होते. हे लोरेंझेन म्हणजे टोमॅटो काढणाऱ्या यंत्राच्या रचनेमुळे प्रसिद्ध झालेले अभियंते.

१९५९ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट बंधनकारक केली. आणि त्याच वर्षी युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेने ट्रॅक्टरांच्या अधिकृत चाचणीची पहिली समान नियमावली स्वीकारली. ही संघटना १९६१ मध्ये आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना झाली, आणि तिच्या नियमावलीत पुढे संरक्षक संरचनांसाठी स्वतंत्र प्रकरणे येत गेली. स्वीडनमधील परिणाम कोणत्याही शंकेला जागा न ठेवणारा आहे. दर लाख ट्रॅक्टरांमागे पलटीमुळे होणाऱ्या वार्षिक मृत्यूंचे प्रमाण १९५० च्या दशकात दोन आकडी होते. १९९० च्या सुमारास ते एकाच्याही खाली आले. शेते तीच होती आणि उतारही तेच होते. बदलली ती चालकाच्या डोक्यावरची व्यवस्था.

अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये अशी संरचना बाजारात आणली, आणि पुढे तिच्या रचनेचा हक्क इतर उत्पादकांना विनामूल्य खुला केला. औद्योगिक इतिहासात असे प्रसंग विरळाच. म्हणून त्याची येथे नोंद करणे उचित होईल. ब्रिटनमध्ये १९६७ च्या नियमांनी १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांवर आणि १९७७ पासून मजुरांकडून चालविल्या जाणाऱ्या सर्वच ट्रॅक्टरांवर मान्यताप्राप्त केबिन अथवा चौकट आवश्यक ठरविली. येथे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. पत्र्याच्या बंद केबिनमध्ये इंजिनाचा आवाज घुमू लागला आणि चालकांच्या कानांवर परिणाम होऊ लागला. परिणामी १९७६ पासून कानापाशी ९० डेसिबलहून कमी आवाज असावा अशी अट नव्या केबिनांना घालण्यात आली. एका धोक्यापासून रक्षण करणारी वस्तू दुसरा धोका निर्माण करू शकते, आणि तसे झाले म्हणजे तो धोका दूर करण्याचे काम रचनाकाराचे असते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

४

या सर्व प्रगतीत लहान ट्रॅक्टर कोठे होता ? बहुधा नियमाच्या उंबरठ्याबाहेर. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७५ मध्ये काढलेला नियम २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या, मजुरांनी चालवावयाच्या ट्रॅक्टरांना लागू झाला. परंतु त्यात ‘शेतीचा ट्रॅक्टर’ या संज्ञेची व्याख्याच वीस अश्वशक्तीहून अधिक शक्तीचा, अशी केली होती. फळबागा, द्राक्षमळे आणि हॉपच्या बागा यांत जेथे उंची आड येते तेथील बुटक्या ट्रॅक्टरांना सूट मिळाली. ज्या शेतात कोणी मजूरच नाही, मालक स्वतःच राबतो, ते तर नियमाच्या कक्षेत येतच नव्हते. आणि दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर नियमाची अंमलबजावणी करण्यासाठी खर्च करू नये, असे बंधन तेथील विधिमंडळ वर्षानुवर्षे अर्थसंकल्पातून घालीत आले. १९८५ पासून तेथील उत्पादक वीस अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांवर ही संरचना स्वेच्छेने, मूळ किमतीतच बसवून देऊ लागले. तथापि त्यापूर्वीचे असंख्य ट्रॅक्टर उघडेच राहिले, आणि ट्रॅक्टर ही सहजासहजी मोडीत निघणारी वस्तू नव्हे.

त्यानंतर लहान ट्रॅक्टरांची नवी पिढी आली. ही मुख्यतः जपानी भातखाचरांच्या गरजेतून जन्मली आणि नंतर उपनगरी बागा, तबेले, छोटे मळे यांत पसरली. तिच्यावर दोन खांबांची संरचना असते. पण वापरणाऱ्याच्या अडचणीही खऱ्या असतात. गोठ्याचे दार बुटके असते. सफरचंदाच्या फांद्या खाली लोंबतात. उन्हासाठी छप्पर हवे असते, पाठीमागे दिवा हवा असतो, करवतीची पेटी लटकवावयास जागा हवी असते. घरी वेल्डिंगचे यंत्र असते आणि हातात कसब असते. अशा माणसाला ‘कमान’ चार बोटे उंच वाटली तर तो ती चार बोटे कापतो. तो मूर्ख नसतो. त्याच्यापुढे वस्तूचे जे वर्णन ठेवले गेले त्यानुसार तो वागतो. म्हणून वर्णनच तपासले पाहिजे.

५

संरचनेची स्थिर चाचणी काय सांगते ते पाहू. साधारण चाकी ट्रॅक्टरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ट्रॅक्टरचे संदर्भ-वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेऊन त्याच्या १.४ पट ज्यूल ऊर्जा मागून, आणि १.७५ पट ज्यूल ऊर्जा बाजूने, संरचनेने शोषून घेतली पाहिजे. शिवाय वस्तुमानाच्या २० पट न्यूटन इतका उभा दाब सहन केला पाहिजे. एक हजार किलोग्रॅमच्या लहान ट्रॅक्टरला याचा अर्थ अनुक्रमे १४०० ज्यूल, १७५० ज्यूल आणि २०,००० न्यूटन असा होतो. यांपैकी शेवटचा आकडा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट आहे. हे सर्व भार एकाच नमुन्यावर एकामागून एक दिले जातात आणि मध्ये त्याची दुरुस्ती किंवा सरळीकरण करण्यास मनाई असते. अखेरीस चालकाभोवतीच्या ठरीव मोकळ्या जागेत संरचनेचा कोणताही भाग शिरलेला नसावा, आणि ती जागा संरचनेच्या आडोशाबाहेर पडून जमिनीच्या तडाख्यात आलेली नसावी.

येथे ‘शोषून घेणे’ या क्रियापदाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ही संरचना न वाकण्यासाठी केलेली नाही. ठरावीक मर्यादेत वाकण्यासाठी केलेली आहे. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. १७५० ज्यूल शोषताना खांब २० सेंटिमीटर वाकले तर सरासरी बल ८७५० न्यूटन भरते. कोणी ‘मजबुतीसाठी’ जाड नळ्या आणि तिरकस आधार वेल्डिंगने जोडले आणि तेच खांब केवळ ५ सेंटिमीटर वाकू शकले, तर तेच बल ३५,००० न्यूटन होते. चौपट झालेले हे बल कोठे जाते ? खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांत, आणि तेथून मागील आसाच्या आवरणात. हे आवरण बहुधा बिडाचे असते. बीड वाकत नाही, ते तडकते. अधिक मजबूत केलेली संरचना अशा रीतीने मुळासकट उपटली जाऊ शकते. ‘जितके जाड तितके सुरक्षित’ ही आपली सहजबुद्धी येथे उपयोगी पडत नाही, किंबहुना घातक ठरते.

ठेंगणे करण्याचा परिणाम निराळा होतो. ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटला म्हणजे तो संरचनेचा माथा आणि बॉनेटचा पुढचा भाग या दोन आधारांवर विसावतो. या दोहोंना जोडणाऱ्या रेषेच्या आत चालकाचे डोके राहिले तर तो वाचतो. माथा कापून खाली आणला म्हणजे ती रेषा खाली येते आणि डोके तिच्या बाहेर जाते. कडेच्या पलटीतही उंची आणि रुंदी यांचे काम असते. पुरेशी उंच आणि रुंद संरचना ट्रॅक्टरला एका कुशीवर थांबविते. ठेंगणी केली म्हणजे तो लाटण्यासारखा पुन्हा पुन्हा लोळू शकतो. अरुंद ट्रॅक्टरांच्या ज्या प्रकारात संरचना आसनापुढे असते, त्यासाठीच्या नियमावलीत तर दीडास एक अशा उतारावर ट्रॅक्टर लोळत राहणार नाही याची स्वतंत्र परीक्षा आहे.

उंच करणेही निर्धोक नाही. खांब दीडपट लांब केला तर माथ्यावरील त्याच बलाने बुंध्याशी येणारा मोड दीडपट होतो. दिवा बसविण्यासाठी बुंध्याजवळ पाडलेले एक भोक मोड सर्वांत अधिक असलेल्या ठिकाणीच धातू कमी करते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पट्ट्यातील पोलादाची घडण बदलते. तेथे ते ठिसूळ होऊ शकते, विशेषतः थंडीत, आणि बाहेरून पाहून हे समजत नाही. ठरावीक प्रतीच्या बोल्टांऐवजी दुकानात मिळाले ते बोल्ट घातले, तरी संरचनेचे वर्तन बदलते. एकदा पलटीत सापडलेली संरचना ठोकून सरळ करावयाची नसते. ती बदलावयाची असते. तिची वाकण्याची शक्ती त्या एका प्रसंगात खर्ची पडलेली असते.

आसनपट्टा हाही या संरचनेचाच अवयव आहे. मोकळी जागा शाबूत राहून उपयोग काय, जर चालकच तिच्याबाहेर फेकला गेला ? म्हणून संरचना उभी असता पट्टा बांधलाच पाहिजे. उलटपक्षी, संरचना नसलेल्या किंवा दुमडून ठेवलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधणे म्हणजे माणसाला यंत्राखाली जखडून ठेवणे होय. एकाच कृतीचा अर्थ संदर्भाने उलटा होतो, हे भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

६

प्रत्येक मान्य संरचनेवर एक पट्टी कायमची बसविलेली असते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी नियमाप्रमाणे तिच्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, संरचनेचा क्रमांक, ती ज्या ट्रॅक्टरांसाठी आहे त्यांची नावे अथवा क्रमांक, आणि ती चाचणीत उतरल्याचे विधान, इतक्या गोष्टी असाव्या लागतात. भाषेच्या दृष्टीने ही पट्टी हे एक विधान आहे : ‘ही संरचना या ट्रॅक्टरवर अमुक परीक्षेत उतरली आहे.’ त्यातील ‘ही’ हे दर्शक सर्वनाम महत्त्वाचे आहे. संरचना कापली, सांधली, भोसकली किंवा दुसऱ्याच ट्रॅक्टरवर चढविली, म्हणजे त्या सर्वनामाने दाखविलेली वस्तू अस्तित्वात राहत नाही. पट्टी मात्र तेथेच चिकटलेली असते. वाक्य तेच राहते, पण ते खरे राहत नाही. आणि पुढे तो ट्रॅक्टर विकत घेणारा मनुष्य ते वाक्य वाचून निर्धास्त होतो. फेरफाराचा धोका केवळ करणाऱ्यापुरता नसतो, तो असा.

पट्टीच्या भाषेचा प्रश्न एका प्रसिद्ध खटल्यातही पुढे आला होता. जपानी बाजारासाठी बनलेले पन्नास अश्वशक्तीपर्यंतचे वापरलेले लहान ट्रॅक्टर अमेरिकेत आयात होत असत. कुबोटा कंपनीच्या तक्रारीवरून तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने १९९७ मध्ये त्यांच्या आयातीस बंदी केली, आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. वाद व्यापारचिन्हाचा होता. परंतु न्यायालयाने विचारात घेतलेल्या फरकांत एक ठळक फरक असा, की त्या ट्रॅक्टरांवरील सूचना व इशारे जपानी भाषेत होते आणि ते अमेरिकी चालकाला वाचता येत नव्हते. यंत्र तेच, चिन्हही तेच. तरीही वाचता न येणाऱ्या इशाऱ्यामुळे ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने निराळी ठरली. इशाऱ्याची भाषा हा यंत्राचा वरवरचा अलंकार नसून त्याचा भाग आहे, हे तत्त्व यातून निष्पन्न होते.

७

मग फेरफार सर्वथा वर्ज्य मानावयाचा काय ? इतिहास तसे सांगत नाही. जुन्या उघड्या ट्रॅक्टरवर नवी संरचना चढविणे हाही फेरफारच आहे, आणि तो सर्वांत हितकर होय. स्वीडनमधील मृत्यू घटले त्याचे श्रेय एकट्या नव्या ट्रॅक्टरांना नाही. जुन्यांवर चौकटी बसविण्यालाही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून अशा जोडकामाच्या खर्चाचा मोठा भाग परत देण्याची योजना चालविली. मात्र तेथेही अट हीच, की त्या ट्रॅक्टरासाठी रचलेली आणि परीक्षेत उतरलेली संरचनाच बसवावयाची.

आंतरराष्ट्रीय नियमावलीतही मान्य संरचनेत किंवा ट्रॅक्टरात नंतर होणाऱ्या बदलांना जागा आहे. उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचे वस्तुमान चाचणीच्या वेळच्या संदर्भ-वस्तुमानापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वाढले नसेल, तर इतर अटींसह पूर्वीची मान्यता त्याला लागू करता येते. बदल मोठा असेल तर चाचणी केंद्र पुन्हा परीक्षा घेते. याचा अर्थ असा, की प्रश्न ‘बदल करावा की नाही’ हा नसून ‘बदलाचा निवाडा कोणी आणि कशाने करावयाचा’ हा आहे. कार्यशाळेतील डोळा आणि हात यांना तो करता येत नाही. कारण ज्या गुणावर जीव अवलंबून आहे तो गुण, म्हणजे आघातसमयीचे वाकणे, डोळ्यांना दिसतच नाही.

बुटक्या दाराची आणि लोंबत्या फांद्यांची अडचणही रचनाकारांनी मानली आहे. अरुंद ट्रॅक्टरांसाठी पुढच्या आणि मागच्या संरचनांच्या स्वतंत्र नियमावल्या झाल्या. बिजागरीवर दुमडणारी संरचना ही त्याच गरजेचे फळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस, एरवी बुटकी राहणारी आणि पलटीची चाहूल लागताच आपोआप वर उसळणारी संरचना सिद्ध केली. परंतु दुमडणाऱ्या संरचनेने एक जुनाच धोका नव्या वेषात परत आणला. दारातून बाहेर पडल्यावर ती पुन्हा उभी करावी लागते. त्यासाठी खाली उतरावे लागते, खिळी काढावी-घालावी लागते. आणि माणूस कंटाळतो. दुमडलेली संरचना आणि कापलेली संरचना यांत, ट्रॅक्टर उलटण्याच्या क्षणी, फरक उरत नाही. एवढेच, की दुमडलेली पुन्हा उभी करता येते. संरचना काढली तर ती पूर्ववत आणि नियमानुसारच बसविली पाहिजे, असे अमेरिकी नियमात स्पष्टपणे लिहावे लागले, यावरून माणसाच्या या सवयीची कल्पना यावी.

८

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध लांबचा नाही. नाशिक भागातील द्राक्षबागांत मांडवाखालून आणि तारांमधून लहान, अरुंद ट्रॅक्टर फिरतात. उंचीची जी अडचण युरोपातील द्राक्षमळ्यांनी नियमावलीच्या कर्त्यांपुढे ठेवली, तीच अडचण येथेही आहे. येथील बागाईतदाराच्या हातात पडणारी सूचनापुस्तिका आणि संरचनेवरील पट्टी कोणत्या भाषेत असते, तीत कोणते शब्द असतात, आणि त्या शब्दांवरून त्याला नेमके काय समजते, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विभागापुरता मर्यादित नाही. तो आपल्याही विभागाचा आहे. आपले पदव्युत्तर विद्यार्थी बोलींचे शब्दसंग्रह जमवितात तेव्हा नांगराचे रुमणे, इसाड, जू यांची नावे आवर्जून टिपतात. ट्रॅक्टर आज त्याच शेतात आहे. त्याच्या अवयवांना गावोगावी कोणती नावे पडली आहेत, आणि ती नावे कोणते ज्ञान देतात व कोणते झाकतात, हे टिपणे तितकेच अगत्याचे आहे.

‘कमान’ हा शब्द टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. लोकांनी दिलेली नावे परिपत्रकांनी बदलत नाहीत, आणि बदलू नयेत. शिवाय या शब्दाच्या पोटात एक सत्य दडलेले आहेच. कमान म्हणजे मुळात धनुष्य, आणि धनुष्याचे सामर्थ्य त्याच्या वाकण्यात असते. जे धनुष्य वाकत नाही ते काठी होते. जे मर्यादेबाहेर वाकते ते मोडते. ट्रॅक्टरवरच्या कमानीची मर्यादा कोणी तरी, कोठे तरी, २००० किलोग्रॅमचे वजन आदळून किंवा यंत्राने दाब देऊन मोजलेली असते, आणि तिच्या बुडाशी लावलेली छोटी पट्टी त्या मोजणीची साक्ष देते. करवत किंवा वेल्डिंगची कांडी हातात घेणाऱ्याने ती साक्ष आधी वाचावी. ती त्याला वाचता यावी, आणि वाचून कळावी, अशा मराठीत ती लिहिली जाणे ही आपली जबाबदारी आहे.